आखाडात पढिन का नको?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. श्रावण मी पाळत नाही, तरी ऐन आखाडात नर्मदेचा पढिन मासा दारात आला तर परत पाठवतो, हे इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात कुणाला पटत नाही. त्यातून इथे शेजाऱ्यांचा सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्यांची चूल सोवळी झालेली असते आणि आपल्याकडे आखाडाचा शेवटचा जोर.

पढिन म्हणजे महाराष्ट्रातला शिवडा. अंगावर खवला नाही, जबडा पार डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेला, मिशा लांबलचक. दिवसा डोहात पडून राहायचं, रात्री शिकार. मीटरभर सहज वाढतो. आपल्याच जातीची पिल्लंही सोडत नाही, त्यामुळे तळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडणारे त्याच्या नावानं बोटं मोडतात. त्यांचं चूक नाही. पण नदी म्हणजे तळं नव्हे.

हा दांडगा पावसाचं पाणी चढलं की डोह सोडतो आणि नुकत्या बुडालेल्या उथळ, गवताळ काठाशी अंडी घालायला येतो. नेमका तेव्हाच तो जाळ्यात सोपा सापडतो, आणि आखाडात कापलेल्या मादीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, निघते. ती चवीनं खाणारे आमच्याच घरात आहेत.

मध्य प्रदेशात 1972च्या नियमांनुसार 16 जून ते 15 ऑगस्ट नदीत मासेमारी बंद असते. नियम चांगला, पण तारखा दफ्तराच्या आणि पूर आभाळाचा. पाऊस लांबला की बंदी आधी उठते, अंडी मागे राहतात. शिवाय नर्मदेवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशी धरणांची रांग. खालच्या पात्रात पाणी कधी चढायचं हे आता टर्बाइनही ठरवतं. जलाशयात पढिन जगतो, खाऊन माजतोही. नदीत मात्र त्याला वेळेवर चढणारं आणि काही दिवस टिकणारं पाणी लागतं.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत पढिन आज 'असुरक्षित' गटात आहे. नर्मदेतलाच महाशीर मध्य प्रदेशाचा राज्यमासा झाला, नर्मदाकाठच्या बडवाहला वनखात्यानं त्याची पैदास करून पाहिली. पढिनला वाली नाही. रूप आडवं येत असावं.

म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे तळ्यातला रोहू. काटे फार, हे मान्य. या जेवायला, सावकाश खाऊ.