कुठे उतरणार?

मुंबईच्या लोकलमध्ये ओळख नावाने नाही, स्टेशनने होते. लेडीज डब्यात चढलं की पहिला प्रश्न "कुठे उतरणार?" आणि समोरची घाटकोपर म्हणाली की सीट बुक, मग दुसरीने विचारलं तर तीच सांगते, "माझी यांना दिलीये." लेखी काही नसतं तरी सहसा कोणी मोडत नाही, मला याचं फार कौतुक वाटतं.

परवा एक काकू तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर, म्हणजे जेमतेम टेकल्या, आणि मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायला घेतली. शेजारच्या अनोळखी मुलीने हेडफोन काढला आणि न बोलता एक जुडी उचलली!! ठाणे येईपर्यंत भाजी तयार, वर "मूगडाळ घाला हं यात" हा सल्लाही. मध्येच कानातलेवाली आली तर दोघींनी एकमेकींच्या कानाला झुमके लावून बघितले, नावं मात्र शेवटपर्यंत विचारली नाहीत.

वेस्टर्न लाइनला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल, म्हणजे अख्खी गाडीच बायकांची, १९९२ मध्ये सुरू झाली, पण असा गोतावळा साध्या लेडीज डब्यातही जमतोच. दसऱ्याला याच बायका डब्याला झेंडूची तोरणं लावतात, आरती करतात, आणि दारात उभी असलेली नवखी मुलगी असली तरी गर्दीतून हातोहात पेढा तिच्यापर्यंत पोचतो.