एच5एन1चं प्रोटीन: विरघळलं, पण घडी बसली का?

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. त्या एच5एन1 विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एचए, हे प्रोटीन इकडे अमेरिकेतल्या लॅबमध्ये लशीसाठी अख्ख्या विषाणूशिवाय बनवतात. जळगाव-धुळ्यात बायोटेक शिकून इकडे यायच्या तयारीत असलेल्यांसाठी हे काम जरा खोलात सांगतो.

एचएचं शेपूट विषाणूच्या मेदपटलात रुतलेलं असतं. ते ठेवलं तर प्रोटीन सोडवायला डिटर्जंट लागतो. म्हणून जीन मागवतानाच एचए2च्या (एचएचे एचए1 आणि एचए2 असे दोन भाग, त्यातला शेपटाकडचा) साधारण 174व्या अमिनो आम्लापाशी शेपूट तोडतात. मग तीन साखळ्यांची जुडी सैल पडते, जसे टोकाला गाठ नसलेल्या दोराचे पदर उकलतात. इथे गाठीचं काम फोल्डॉन करतो: टी4 बॅक्टेरिओफाज या जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या फायब्रिटिन प्रोटीनमधला 27 अमिनो आम्लांचा तुकडा. त्याच्या आधी थ्रॉम्बिन या एन्झाइमने कापायची जागा (फोल्डॉन नंतर काढता यावा म्हणून), शेवटी सहा हिस्टिडिन, जे निकेलला चिकटतात. एच5 असेल तर एचए1-एचए2च्या सांध्यावरची आर्जिनिन-लायसिनची रांगही काढायची, नाहीतर पेशीतलं फ्युरिन हे एन्झाइम तिथेच कात्री चालवतं.

प्रोटीन बनवायला ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त पडतो, पण त्यात साखरेच्या साखळ्या लागत नाहीत, डायसल्फाइड बंध चुकतात आणि बहुतेक माल इन्क्लूजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, जाऊन बसतो. पूर्ण ट्रायमर, म्हणजे तीन साखळ्यांची जुडी, हवा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. कीटकपेशी बऱ्या: जीन वाहून नेणारा बॅक्युलोव्हायरस हा कीटकांचा विषाणू एसएफ9 या पेशींमध्ये वाढवायचा, प्रोटीन हाय फाइव्ह या पेशींमध्ये, 27 अंशांवर, साधारण 72 तास. फार ताणलं तर पेशी फुटून प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइमं, बाहेर येतात.

खरी पंचाईत पुढेच. प्रोटीन माध्यमात सुटलेलं असतं म्हणून नवखा माणूस ते सरळ निकेल कॉलमवर ओततो, आणि निळा कॉलम पांढरा पडतो. माध्यम आम्लधर्मी असतं आणि त्यातले घटक निकेल ओढून नेतात. आधी ट्रिस बफरने पीएच 8 वर आणा. लगेच गढूळ होईल. ते क्षार आहेत, घाबरू नका. सेंट्रिफ्यूज करा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, डायफिल्ट्रेशनने (पडद्यातून गाळत) बफर बदला, मगच कॉलम. धुवायला 20 मिलिमोलर इमिडाझोल (ते हिस्टिडिनला निकेलवरून हटवतं), प्रोटीन काढायला 250.

जेलवर स्वच्छ पट्टी दिसली की हरखून जाऊ नये. एसडीएस जेल घडीच, म्हणजे प्रोटीनचा त्रिमितीय आकारच, मोडतं, त्याला घडीबद्दल काय विचारणार? सुपरडेक्स 200 या आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर सोडा: सगळ्यात आधी गठ्ठे, मग ट्रायमर, मग सुटे मोनोमर. फक्त मधलं शिखर उचला, गठ्ठ्यांचं कितीही मोठं असलं तरी. नंतर सीआर6261 ही अँटिबॉडी चिकटते का बघा. चिकटली तर एचएच्या देठाची, म्हणजे खालच्या भागाची, घडी शाबूत आहे. अँटिबॉडी कॉलम वापरलात तर आम्लाने प्रोटीन सोडवू नका. एचए1-एचए2च्या सांध्यावर कापलेला एचए साधारण 5 ते 5.5 पीएचला कायमचा उलटतो, पुन्हा पूर्ववत होत नाही.

बाजारातली फ्लूब्लॉक ही लस (अमेरिकेत 2013 पासून मान्य) मात्र शेपटासकटचा एचए वापरते, दर स्ट्रेनला 45 मायक्रोग्रॅम; अंड्यातल्या नेहमीच्या लशीत 15 असतो.

उंदरांना लस देऊन एलायझा (अँटिबॉडी मोजायची चाचणी) करायचा असेल तर प्लेटवर फोल्डॉन नसलेला एचए लावा. फोल्डॉनविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात, आणि त्यांनीच आकडा फुगतो.