लाली दिसतच नसेल तर?

"सर, स्लाइडवरच्या प्रत्येक फोटोत लाली स्पष्ट दिसतेय. माझ्या पेशंटच्या त्वचेवर ती दिसतच नाही. मग मी शोधू काय?"

इसबावरचं व्याख्यान चालू असताना मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरने हे विचारलं. वक्ते क्षणभर थांबले आणि पुढची स्लाइड न लावता उत्तर देऊ लागले. आजच्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग तोच ठरला.

गडद त्वचेवर दाह लाल दिसेलच असं नाही. तो जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. कधी केसांच्या मुळांशी नुसते बारीक पुरळ असतात. म्हणून हात लावून बघायचं: त्वचा गरम आहे का, जाड झालीय का? आणि खाज किती, झोप लागते का, हे विचारायचं. इसबाची तीव्रता मोजताना आपण लालीलाही गुण देतो. ती दिसली नाही की गुण घटतात आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. उपचारही मग तसेच सौम्य.

त्वचेचा रंग आणि ती उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार ठरवणारी, आपल्या हाताशी असलेली फिट्झपॅट्रिकची वर्गवारी १९७५ची. सुरुवातीला ती गोऱ्या त्वचेपुरतीच होती, गडद त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले.

त्वचेच्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शिकवण्याच्या स्लाइड्समध्ये गडद त्वचेचे फोटो किती आहेत?