टाकून तर बघा

त्या काकांच्या हातात कुठले दोन पत्ते होते ते मला अजून माहीत नाही. परत येऊन तीन आठवडे झाले. सिग्नलला थांबलो की तो डाव, आंघोळ करताना तो डाव, परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब काहीतरी विचारत होते आणि माझ्या डोळ्यासमोर किलवर सत्ती. बायको म्हणाली एवढंच असेल तर लिहून टाक कुठेतरी, मला परत सांगू नकोस. म्हणून हे.

आमच्याकडे पत्ते म्हणजे मे महिन्यात आजोळी मेंढीकोट आणि दिवाळीत तीन पत्ती, ती पण सुट्ट्या नाण्यांची. पोकर मी शिकलो लॉकडाऊनमध्ये, मोबाईलवर, बारीक पैशाच्या टेबलांवर. ऑगस्ट २०२५ ला कायदा आला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, ॲपमधले उरलेले पैसे खात्यात परत आले आणि ते बघून ऑफिसातला एक मित्र म्हणाला चल गोव्याला, कॅसिनोच्या बोटीवर खरी टूर्नामेंट खेळू. एन्ट्री १५ हजार. घरी मी आकडा थोडा वेगळा सांगितला होता, आता इथे वाचून कळेल.

बसचं काही लिहीत नाही. स्लीपर होती आणि आंबोली घाट होता, तुम्ही समजून घ्या. पहिला दिवस झोपण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यातल्या आमच्या लॉजवरून मी पायलट केला (पायलट म्हणजे पणजीतली मोटरसायकल टॅक्सी, पुण्यात हे का नाही देव जाणे) आणि जेट्टीवर उतरताना त्याला सहज विचारलं, तुम्ही जाता का कधी बोटीवर खेळायला? तो हसला आणि म्हणाला, "आमकां भितर सोडिनात." खरंच आहे, फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे नदी त्यांची, रात्री अटल सेतूवरून दिसणारा तो सगळा झगमगाट त्यांच्या दारात, आणि आत आपण, पुणे-सुरत-दिल्लीवाले. मला जरा कसंतरीच वाटलं. पण छोटी बोट लागली होती, गेलो.

आत थंडी. मी मराठी माणूस, गोव्याला जाताना स्वेटर कोण घेतं? खरं सांगतो, पाच-सहा तासांनी माझी बोटं निळी पडायची बाकी होती. बाकी सगळे हुडी घालून आलेले. मला वाटलं स्टाईल आहे. स्टाईल नाही, अनुभव आहे.

आता खेळाबद्दल. मोबाईलवर तासाला सत्तर-ऐंशी डाव सहज होतात, एका टेबलावर. समोरासमोर तेच पंचवीस-तीस. आणि त्यातले चार-पाच खेळायचे, बाकी टाकायचे, म्हणजे तासातली पन्नास मिनिटं तुम्ही नुसते बसलेले असता. फोन बघितलात तर गेलात. माणसं बघायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दोन तासात मी फोनच बघत होतो. माझा मित्र तेवढ्यात एक्का-राजा घेऊन सगळे चिप्स (पैशाऐवजी खेळायच्या चकत्या) लावून बाद झाला आणि मिरामारला निघून गेला, मग मला दुसरा उद्योगच उरला नाही.

माझ्या डावीकडे दिल्लीचा एक पोरगा, कानात हेडफोन, दोन बोटांत चिप्स सारखे खळखळवत बसायचा. पत्ते चांगले आले की खळखळ बंद. बास, एवढंच. तीन वेळा बघितलं आणि त्याच्या वाटेला गेलो नाही. बंगळूरची एक बाई होती, तिचं मला शेवटपर्यंत काही कळलं नाही, पत्ते बघायची पण नाही लगेच, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्यांकडे बघत बसायची. ती टेबलावर सगळ्यात भारी होती असं माझं मत, तिला विचारलं तर ती मान्यही करणार नाही.

आणि सहा नंबरच्या सीटवर काका. साठीचे असतील, पांढरा हाफ शर्ट, मनगटाला लाल दोरा, इचलकरंजीचे. यंत्रमागाचा धंदा होता, आता पोरगा बघतो. एवढ्या थंडीत हाफ शर्टात बसलेले आम्ही दोघंच म्हणून थोडं बोलणं झालं. संध्याकाळी सहाला मला त्या टेबलावर हलवलं तेव्हापासून मी त्यांच्या समोर होतो आणि पाच तासात मी त्यांची पूर्ण फाईल तयार केली. म्हणजे मला तसं वाटत होतं. पत्ते खरे असले की काका चिप्स नीट रचून, एकावर एक, कडा जुळवून पुढे सरकवायचे, कापडाचा गठ्ठा ठेवतात तसे. आणि थाप असली की हात वर करून भिरकावायचे. दोनदा पत्ते उघडे झाले, दोन्ही वेळा हेच. मी मनात म्हणलं, सापडला मासा.

रात्री अकराच्या सुमाराला २८ जण उरले. एकूण १८६ एन्ट्री होत्या, २७ जणांना पैसे. म्हणजे आता जो एक बाद होणार त्याला दहा तास बसून काही नाही, बाकी सगळ्यांना किमान ३० हजार. याला बबल म्हणतात आणि ही वेळ म्हणजे नुसता छळ आहे. चारही टेबलांवर एकेकच डाव वाटतात आणि सगळे संपेपर्यंत थांबतात, कोणी लवकर खेळतच नाही, जो तो दुसऱ्या टेबलाकडे माना वर करून बघतोय की कोणी मेला का. पलीकडच्या टेबलावर एकाकडे तीन ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी) पुरतील एवढेच चिप्स उरले होते. माझ्याकडे १,४०,०००, ब्लाइंड ४,००० आणि ८,०००. म्हणजे मी नुसता हात बांधून बसलो असतो तरी पैशात होतो. आई असती तर म्हणाली असती, बस की गप.

आणि मला आली गुलामांची जोडी. इस्पिक आणि बदाम. २२१ डावात एकदा येते, ती नेमकी तेव्हा आली. सगळ्यांनी टाकले, मी १८ हजार केले, पुढच्या दोघांनी टाकले, आणि बिग ब्लाइंडमधून, म्हणजे मोठी रक्कम आधीच भरलेले, काका आले. फ्लॉप, म्हणजे मधे सगळ्यांसाठी उघडतात त्या पाचातले पहिले तीन पत्ते, उघडला बदाम नव्वी, किलवर सत्ती, चौकट दुर्री. गुलामांची जोडी असताना फ्लॉपवर राणी-राजा-एक्क्यातलं काहीतरी ५७ टक्के वेळा येतं, इथे काहीच नाही, जीव भांड्यात पडला. काकांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, मी २० हजार लावले, काकांनी भरले. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, इस्पिकची राणी. आली बया. काका चेक, मी पण चेक, उगाच कशाला. शेवटचा पत्ता चौकट चव्वी, कुणाच्या बापाच्या कामाची नाही अशी.

काका म्हणाले "ऑल इन."

मधे ८८ हजार (बिग ब्लाइंडवाल्याने वरून भरायची ८ हजारांची अँटी धरून), माझ्याकडे उरले १,०२,०००, काकांकडे माझ्यापेक्षा बरेच जास्त. भरायचे तर सगळे भरायचे, हरलो तर मीच तो अठ्ठाविसावा. तीन पत्तीत शो मागायला पैसे लागतात ना, तसंच हे, फक्त शोची किंमत अख्खी रात्र.

मी मोजायला लागलो. माझी जोडी कशाला हरते? तीन नव्व्या, तीन सत्त्या, तीन दुर्र्या, प्रत्येकीच्या तीन-तीन शक्यता म्हणजे नऊ. राणी-नव्वी म्हणजे दोन जोड्या, त्याच्या अजून नऊ. अठरा. थापा कुठल्या? सिक्वेन्सच्या नादात आलेले आणि हुकलेले, दश्शी-अठ्ठी सोळा, अठ्ठी-छक्की सोळा, बत्तीस. हिशोबाने मला शंभरात पस्तीस वेळा बरोबर असायला हवं होतं, म्हणजे त्या बत्तीसपैकी दहा वेळा जरी काका थाप मारणारे असतील तर भरायचं. पण हा झाला नुसता चिप्सचा हिशोब. बबलवर गमावलेला चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असतो, दहाचे पंधरा-वीस म्हणा. आणि इचलकरंजीचा साठीचा माणूस बबलवर हुकलेल्या सिक्वेन्सवर सगळं लावतो का, हे कुठल्या गणितात बसवू?

मग फाईल काढली. चिप्स बघितले. रचलेले. एकावर एक, कडा जुळवून. म्हणजे खरे पत्ते, टाक, संपलं. टाकणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. हात थरथरत होता. पाच तासात पहिल्यांदा. नवखा माणूस म्हणतो घाबरलाय, थाप आहे. थोडं खेळलेला म्हणतो उलट आहे, मोठे पत्ते लागल्यावर अंगातला ताण सुटतो आणि हात कापतो, थाप मारणारा तर दगडासारखा बसतो. हे मला पाठ होतं. पण एसी! माझे पण हात कापत होते आणि मला काही सेट (तीन सारखे पत्ते) लागलेला नव्हता. हाफ शर्ट. वय. काकांनी दहा तासात नीट जेवण पण केलं नव्हतं, नुसता चहा.

किती वेळ गेला माहीत नाही. बाकीच्या तिन्ही टेबलांचे डाव संपले होते, लोक उठून आमच्याभोवती उभे. दिल्लीच्या पोराने क्लॉक मागितलं. म्हणजे फ्लोअर मॅनेजर येऊन तुम्हाला तीस सेकंद मोजून देतो. नियमात आहे, मान्य, पण अरे बाळा, तू स्वतः संध्याकाळपासून दोन पत्ते टाकायला मिनिट-मिनिट घेतोस. मला इतका राग आला की दहा सेकंद त्या रागातच गेली.

मी काकांना विचारलं, "मी टाकले तर दाखवाल का?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकून तर बघा."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? आजोळी मामी मेंढीकोटात असंच बोलायची, तिच्याकडे हुकूम असायचा तेव्हा पण आणि नसायचा तेव्हा पण. मॅनेजर पाच, चार म्हणायला लागला आणि मी गुलाम टाकले. तोंड वर करून, सगळ्यांना दिसतील असे. का दाखवले विचारू नका, कौतुकाची हौस.

काकांनी आपले दोन पत्ते उपडेच डीलरकडे सरकवले, तिने ते बाकीच्या पत्त्यांत मिसळले, आणि झालं. काका चिप्स रचायला लागले. पोकरमध्ये समोरच्याने टाकल्यावर पत्ते दाखवायचं कुणावर बंधन नसतं. मला नियम माहीत होता, पण नियम माहीत असणं आणि ते दोन पत्ते डोळ्यादेखत गठ्ठ्यात जाताना बघणं यात फार फरक आहे.

पुढच्याच डावाला तो तीन ब्लाइंडवाला गेला. टाळ्या वाजल्या, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मी पण कुणाला तरी मारली. मग अर्ध्या तासात मी एक्का-दश्शी घेऊन बंगळूरच्या बाईच्या राजांवर जाऊन आपटलो, चोविसावा नंबर. ३० टक्के टीडीएसचा कागद सही करून घेतला. पैशाचं बरं वाटायला हवं होतं. मित्राला लॉजवर जाऊन सगळा डाव सांगितला, तो म्हणाला टाकले ते बरोबर केलंस आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे भोसलेत भाजी-पाव खायला गेलो. पणजीत पहाटेपासून लोक भाजी-पाव खातात आणि त्यांचं बरोबर आहे, पातळ भाजी, वरून सुकी भाजी, बरोबर मिरची भजी. गर्दी एवढी की वेटरने मला एका टेबलावर कुणाच्या तरी समोर बसवलं. आणि समोर काका! तोच शर्ट.

"काय पुणेकर," म्हणाले, "झोपला न्हाई जणू."

मी कितवे आलात विचारलं. अकरावे. मग दोन घास खाल्ले आणि राहवेना. म्हणलं काका, आता संपलं सगळं, तो गुलामांचा डाव, काय होतं तुमच्याकडे?

"तुम्हाला काय वाटतंय?"

"राणी-नव्वी."

"मग राणी-नव्वी." पाव मोडून भाजीत बुडवला.

"खरंच?"

"का, दश्शी-अठ्ठी म्हणलो तर खरं वाटंल?"

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा हात वाटीवर, अजिबात हलत नव्हता. चहा आला, कप उचलला, एक थेंब सांडला नाही. म्हणजे काल थंडीने नाही, वयानेही नाही, मग... काका हसायला लागले.

"पाच तास माझ्या हाताकडंच बघत होता की ओ तुम्ही. मला दिसत न्हवतं व्हय?"

माझ्या पोटात खड्डा. म्हणजे ते रचणं, ते भिरकावणं, ती थरथर, त्यातलं खरं किती आणि माझ्यासाठी केलेलं किती? विचारलं. उत्तर नाही, नुसते हसत होते. मग मी दुसरं विचारलं, माझं काय कळलं तुम्हाला? मी काय करतो?

"ते आता कशाला? पुढच्या टायमाला बसू की समोर. फुकट सांगितल्यावर मी काय खायचं?"

एवढं बोलून उठले, हात धुतले आणि बाहेर पडले. वेटर दोघांचं बिल माझ्यासमोर ठेवून गेला.