मालकाला विचारलंस का?

इंग्लंडात डोंगर चढायला जातो म्हटलं की गावाकडचे लोक हसतात, आणि हसू देत, कारण चिल्टर्न्स नावाच्या टेकड्यांमधल्या ज्या कूंब हिलचं इकडे एवढं कौतुक तो भरतो जेमतेम 260 मीटर, आणि आपलं पुणं तर बसल्या जागी साडेपाचशे मीटरवर आहे. तरी दम लागतो बरं का! लंडनच्या मॅरिलबोनहून ट्रेन पकडायची, तासाभराच्या आत वेंडोव्हर, स्टेशनबाहेर थोडं चाललं की चढणच सुरू, आणि पाऊस नसला तरी चिखल असतोच. टेकड्या आतून पांढऱ्या खडूच्या, पण माथ्यावर चिकणमाती आणि तीत चकमकीचे दगड खच्चून भरलेले. एखादा उचलून बघा, बाहेरून खरबरीत पांढरी साल आणि फुटलेल्या बाजूला आत काळा कुळकुळीत, कड इतकी धारदार की बोट जपूनच फिरवावं. अशा जमिनीत नांगर कोण घालणार, म्हणून वर जंगल टिकलं.

जंगल बहुतेक बीच नावाच्या झाडांचं. आम्ही बाबांना घेऊन गेलो ते एप्रिल संपता संपता, म्हणजे ब्लूबेलच्या रानफुलांचा सीझन. बीचला पानं पूर्ण फुटली की खाली ऊन म्हणून पोचत नाही, त्यामुळे ही फुलं त्याच्या आधीच घाई करून उरकून घेतात, नजर जाईल तिथपर्यंत निळंजांभळं. ब्लूबेलची पानं तुडवली तर कंदात पुढच्या वर्षीचं अन्न साठत नाही म्हणून वाट सोडायची नसते, आणि नेमके तिथेच मधोमध फोटोला बसणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. असो.

बाबा सातारा साइडचे, आयुष्य शेतीत गेलेलं. फुलं बघितली, "छान आहे" म्हणाले, संपलं. पण पुढे वाट जंगलातून बाहेर पडून एका गव्हाच्या शेतात शिरली, लाकडी फाटक ढकलून आम्ही आत, तर हे बाहेरच उभे.

"हे कुणाचं रान?"
"असेल कुणा शेतकऱ्याचं."
"मग मालकाला विचारलंस का?"
"बाबा, विचारावं लागत नाही इथे, तुम्ही या."

त्यांना पटेना. मग मी खांबावरचा पिवळा बाण दाखवला. पिवळा म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन खाजगीच, पण वाटेवरून जायचा हक्क सगळ्यांचा. 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याला, असे रस्ते नकाशावर पक्के नोंदवायला लावले, शिवाय लोक 20 वर्षं बिनबोभाट हक्काने एखाद्या वाटेने जात असतील तर ती सार्वजनिक झाली असं कायदा सहसा धरून चालतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा जवळजवळ सव्वादोन लाख किलोमीटर. पेरणीसाठी शेतातली वाट नांगरली तर शेतकऱ्याने 14 दिवसात ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. हे ऐकल्यावर बाबा खाली बसून बघायलाच लागले, गव्हातून खरंच मीटरभर रुंद पट्टा मोकळा सोडला होता, सरळ दोरीत, पलीकडच्या फाटकापर्यंत.

"आणि भांडणं होत नाहीत?" होतात की, म्हटलं, पण नकाशात रेघ आहे ना, वाद घालून घालणार किती.

खरी गंमत पुढे. रिजवे नावाची जी लांब पल्ल्याची जुनी वाट आहे ती चक्क चेकर्सच्या आवारातून जाते, चेकर्स म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांचं गावाकडचं घर, 1921 पासूनचं. ड्राइव्हवे आडवा ओलांडायचा, गेट उघडायचं, पलीकडचं गेट उघडायचं, चालू पडायचं. कॅमेरे रोखलेले असतात आणि बोर्डही आहे, वाट सोडून आत शिरलात तर फौजदारी गुन्हा, इतर शेतात तसं नसतं, तिथे सहसा दिवाणी मामला. पण वाट बंद नाही केली! माझ्या मते कुठल्याही पार्लमेंटपेक्षा लोकशाही मला त्या दोन गेटांमधे जास्त दिसते, पण हे मी बाबांना बोललो नाही, ते आधीच पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखे पाऊल जपून टाकत होते, आवाजसुद्धा खाली आणलेला.

पलीकडे उतरलं की कॅड्सडेनचा पब. 2015 मधे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंगना इथे बिअर आणि फिश अँड चिप्स खायला घेऊन आले होते. बाबांनी फक्त चिप्स खाल्ले, मीठ कमी होतं म्हणे. आणि चहा येईपर्यंत त्यांनी पिवळ्या बाणाचा आणि गव्हातल्या त्या पट्ट्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "इथे पंतप्रधान पण रस्ता अडवत नाही." आमच्या मळ्याकडे जाणारी वाट एका चुलत्यांनी बाभळीच्या फांद्या टाकून बंद केलीय, ती मोकळी करून मिळावी म्हणून मामलेदार कोर्टात कलम 5 खाली अर्ज पडलाय, तारखा चालू आहेत, ते चुलतेही त्याच ग्रुपवर. ब्लू टिक लगेच आली. उत्तर वेंडोव्हरला ट्रेनमधे बसताना आलं, नुसता अंगठा.