डावा हात

रविवार, रात्री साडेदहा

आजच्या पोहण्याच्या शर्यतीत टिल्लीचा उजवा हात वेळेवर भिंतीला लागला नाही. लागला, पण मागून. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदम लागायला हवेत, मागून लागलेल्याला कुणी विचारत नाही. पंचांनी चिठ्ठी लिहिली ती बरोबरच होती. मी त्याच टोकाला उभी होते, मलाही दिसलं. हरकत घ्यायची तर शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासात लेखी द्यावी लागते. पण लिहिणार काय?

निकाल भिंतीवर लागला तेव्हा बाकीच्यांच्या नावापुढे वेळ आणि हिच्या नावापुढे डीक्यू, म्हणजे बाद. ओल्या बोटाने तिने आपली ओळ शोधली, बोट शेवटपर्यंत नेलं आणि विचारलं, "ताई, माझी वेळ?"

माझ्या स्टॉपवॉचमध्ये आहे. ४८.६. अजून पुसलेली नाही. आजवरची तिची सगळ्यात चांगली, आणि धरायची मात्र नाही.

बाकी सगळं जमलं होतं, म्हणून जास्त चिडचिड होतेय. आठवडाभर एकही गोष्ट सोडली नव्हती. दहा वर्षांच्या पोरांना मोठ्यांसारखा दोन-तीन आठवड्यांचा टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेणं, लागत नाही, शेवटचे तीन-चार दिवस पुरतात. रोजचं पोहणं २,२०० मीटरवरून १,२०० वर आणलं. अंतर कमी केलं, वेग नाही. वेगही उतरवला की पोरं सुस्तावतात आणि शर्यतीच्या दिवशी पाणी हाताला लागत नाही. म्हणून रोज ब्लॉकवरून १५ मीटरचे सहा, मध्ये भरपूर विश्रांती. गॉगल दोन, दोन्ही जुने. नवा गॉगल आदल्या दिवशी घेऊन देणारे पालक दर वर्षी एक तरी निघतातच. डाइव्हमध्ये गॉगल तोंडावर उतरतो तो पट्टा सैल म्हणून नाही, हनुवटी वर राहते म्हणून. पाणी खालून काचेत शिरतं. पट्टा कितीही आवळा, हनुवटी छातीकडे गेली नाही तर गॉगल उतरणारच.

दंडावर बॉलपेनने इव्हेंट, हीट, लेन. सकाळी दोन तास आधी पोहे, नंतर केळं, मधल्या वेळात राजगिऱ्याची वडी. वॉर्मअपनंतर कोरडा टी-शर्ट आणि पायात चपला, नाहीतर हीट येईपर्यंत पोरं गारठून निळी पडतात. आमचा टँक २५ मीटरचा आणि स्पर्धा ५० च्या तलावात, त्यामुळे बॅकस्ट्रोकवाल्यांना वॉर्मअपमध्ये झेंड्यांपासून भिंतीपर्यंत हात मोजायला लावले. झेंडे दोन्हीकडे भिंतीपासून ५ मीटरवरच असतात, पण शर्यतीच्या वेगात सरावापेक्षा एखादा हात कमी पडतो. न मोजता गेलं की एक तर डोकं आपटतं, नाहीतर भिंत शोधत पोर पोटावर वळतं. बॅक पाठीवरच संपवायचं असतं, वळलं की बाद. आज कुणी वळलं नाही.

आणि ब्रेस्टचं पुलआउट! महिनाभर घोटून घेतलं. डाइव्हनंतर पाण्याखाली मांडीपर्यंत एक ओढ, दोन्ही पाय जोडून एकच डॉल्फिन किक, मग एक ब्रेस्ट किक आणि वर. दोन डॉल्फिन मारल्या की बाद. २००४ मध्ये अथेन्सला तर एकही चालत नव्हती. जपानच्या किताजिमाच्या किकवरून केवढा गोंधळ झाला, अमेरिकनांनी आक्षेप घेतला, पण सोनं त्याच्याकडेच राहिलं आणि पुढच्या वर्षी नियमच बदलून एक किक मोकळी केली. त्याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पीरसोलला २०० बॅकमध्ये टर्नवरून बाद केलं आणि थोड्या वेळाने सोनं परत दिलं, कारण पंचांनी अहवाल धड लिहिला नव्हता. आमच्या पंचांचं अक्षर सुरेख होतं.

टिल्लीचं पुलआउट आज नीट झालं. तेच तर. अवघड ते सगळं बरोबर, आणि भिंतीला हात लावणं चुकलं.

तिची आई "जाऊ दे हो ताई" म्हणाली. ते कोणत्या सुरात म्हणाली, याचा विचार आत्ता नको.

साडेअकरा

कुणाच्या तरी बाबांनी व्हिडिओ पाठवलाय. हळू करून नऊ-दहा वेळा पाहिला. शेवटच्या हाताला डोकं खाली जायला हवं, दोन्ही हात लांब, नजर टँकच्या तळाकडे. तिचं डोकं उजवीकडे वळतंय. मान वळली की उजवा खांदा मागे जातो, खांद्याबरोबर कोपर, आणि डावा हात एकटाच पुढे पोचतो. हात एका उंचीवर नसले तरी चालतात, हे मी पोरींना दहादा सांगितलंय. एकावर एक नकोत आणि एकदम लागायला हवेत, एवढंच. हिचे हात वरखाली नव्हतेच. हिचं लक्ष हातांकडे नव्हतं.

उजवीकडे काय होतं तिकडे? काही नाही. रिकाम्या खुर्च्या.

आमच्या टँकवर मात्र उजवीकडे मोठं घड्याळ आहे.

मग जुने सरावाचे व्हिडिओ काढले. आठही पोरी, एकूण एक, डावा हात भिंतीला आणि मान उजवीकडे. लाल काटा बघायला. "पन्नासचे आठ, सव्वा मिनिटावर" असं मीच सांगते, मग पुन्हा कधी सुटायचं हे पोरींना काटा बघूनच कळणार. वर पोचल्या पोचल्या मीच ओरडते, "किती आली? वेळ सांग!" त्यात लेनमध्ये सहा जणी, आधीच्या तिघी भिंतीला लटकलेल्या, चौथीला दोन हात टेकवायला जागा नाहीच, ती फटीत एक हात घालते. दिवसाला वीस, आठवड्याला सव्वाशे वेळा एका हाताने पोचायचं आणि रविवारी दोन हातांनी. शंभर वेळा "दोन हात, दोन हात" म्हणून ओरडले असेन, पण तेही पोरगी पाण्याखाली असताना.

घड्याळ तिथे कुणी लावलं? मी. प्लग तिथे आहे म्हणून.

हे कळल्यावर जरा हसू आलं खरं. दुपारपासून पोरीला, तिच्या झोपेला, तिच्या आईला, त्या पाचव्या लेनला, सगळ्यांना मनातल्या मनात दोष देऊन झाला होता. लेनबद्दल काय म्हणायचं होतं तेही आता आठवत नाही.

उद्या टँक बंद. मंगळवारी पोचलेलीने भिंत धरून थांबायचं नाही, तिरकं सरकून दोरीशी जायचं, म्हणजे लेनच्या मधल्या काळ्या टी-खुणेची जागा पुढचीसाठी मोकळी राहील. विश्रांती दोन हात लागल्यावरच सुरू. एक लागला तर पाच मीटर मागे जाऊन पुन्हा यायचं. घड्याळ दुसऱ्या बाजूला नेलं तर वायर पाण्यावरून जाईल, ते शक्य नाही. दुसऱ्या बाजूला नेलं तरी पोरी डावीकडे बघतील, एवढाच फरक. मागे, सुटायच्या भिंतीच्या वर लावता आलं तर हवं, पण त्या खांबाबद्दल ऑफिसशी पुन्हा बोलणं म्हणजे... असो. तोवर पहिला अर्धा तास घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवणार, शिक्षा केल्यासारखं, आणि सुटायची वेळ मी तोंडाने सांगणार. घसा बसेल.

४८.६ तिच्या कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून ठेवलंय.