तुम्ही विचारलेत म्हणून : परक्यांच्या टेबलावरची कॉफी

माटुंग्याला कॉफी प्यायला जाऊ या म्हटले की मला हमखास एक प्रश्न येतो : "तिथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसून खाता-पिताना तुम्हाला अवघडल्यासारखे होत नाही का?" भाच्याने विचारले, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारले, परवा शेजारच्या वहिनींनीही विचारले. तेव्हा एकदा नीट उत्तर देतो.

पूर्वी होत असे. आता होत नाही, उलट एकट्याला सबंध टेबल मिळाले तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

स्टेशनाजवळचे राम आश्रय १९३९ सालचे आणि किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास १९४० सालचे. माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबांची मोठी वस्ती होती. त्या वस्तीच्या गरजेतून ही उडुपी पद्धतीची उपाहारगृहे उभी राहिली. पुढे साऱ्या मुंबईतून गिऱ्हाईक येऊ लागले, जागा मात्र होती तेवढीच राहिली. त्यामुळे रविवारी सकाळी बाहेर ताटकळावे लागते, आणि आपण एकटे किंवा दुकटे असलो की "शेअरिंग चालेल ना?" असे विचारले जाते. चालेल म्हटले की समोर कोणीतरी अर्धा डोसा संपवून बसलेले असते.

अशा वेळी कसे वागावे हे कोणी शिकवत नाही, ते पाहून पाहून अंगवळणी पडते. बसताना मान किंचित लववायची, पिशवी मांडीवर घ्यायची, कोपर आपल्या हद्दीत ठेवायचे, फोन आलाच तर थोडक्यात आटपायचा. समोरच्याच्या ताटलीकडे टक लावून पाहायचे नाही, पण "हे काय मागवलेत?" असे सरळ विचारलेले मात्र कोणालाही आवडते, आणि पायनापल शिऱ्याची माझी ओळख अशाच एका प्रश्नातून झाली. मागाहून येणाऱ्या मित्रांसाठी खुर्च्या अडवून ठेवणे मला मुळीच पटत नाही. दुसऱ्या एका उपनगरातल्या कॅफेत चौघांच्या टेबलावर एकच तरुण लॅपटॉप उघडून तासभर बसला होता आणि एक वयस्कर जोडपे भिंतीला टेकून उभे होते. तिथे त्यांना कोणी बसा म्हटले नाही, मीही उठायला उशीर केला, याची मला आजही खंत वाटते.

आपल्या वाट्याला किती वेळ येतो, हे त्या कॉफीतच ठरलेले असते असे मला वाटते. चिकोरी मिसळलेल्या पुडीवर कढत पाणी ओतून थेंब थेंब गाळलेला दाट अर्क, त्यावर उकळते दूध, आणि हे सगळे स्टीलच्या पेल्यात, पसरट डबऱ्यात ठेवून समोर येते. पेला इतका तापलेला असतो की तो कडेला बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात असे दोन-तीनदा ओतले की फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी होते. तेवढा वेळ आणि वर दहा घोट, एवढी ती खुर्ची आपली असते.

हे ओतणेच एकदा माझ्यासमोर बसलेल्या आजोबांना जमेना. त्यांचा हात थरथरत होता, आणि पहिल्याच खेपेला थोडी कॉफी संगमरवरी टेबलावर सांडली. त्यांच्या शेजारी बसलेली, त्यांची कोणीही नसलेली एक कॉलेजकन्यका वही वाचत होती. तिने काही न बोलता वही उचलली, स्वतःच्या कॉफीचा रिकामा झालेला डबरा उलट्या बाजूने आधारासारखा त्यांच्या डबऱ्याला टेकवला आणि लगेच मान वळवून रस्त्याकडे पाहू लागली. आजोबांनी पेला त्या आधारावर टेकवून सावकाश ओतले. तो आधार मी पाहिला, पण त्याहून जास्त लक्षात राहिले ते तिचे मान वळवणे. मीही मग घाईघाईने भिंतीवरचा दरफलक वाचायला घेतला. आजोबांची कॉफी संपेपर्यंत आम्ही तिघे एक शब्दही बोललो नाही, आणि उठताना त्यांनी दोघांकडेही पाहून हात जोडले.

तुम्हाला यायचे असेल तर रविवारी सकाळी लवकर या. पिशवी लहान आणा, आणि "शेअरिंग चालेल ना?" असे कोणी विचारले तर माझ्यासाठी न थांबता बसून घ्या, मी दुसऱ्या टेबलावर बसेन.